दुष्काळाने निवडलेले बियाणे

श्रीगोंद्याचा इतिहास सांगायला बसले की काही नावे ठरलेली असतात. 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद, महादजी शिंद्यांची जहागिरी आणि वाडा, आणि भीमेकाठच्या पेडगावचा बहादूरगड, जिथे १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे उभे करण्यात आले. या सगळ्यांपेक्षा बहुधा जुना असलेला आणि अजून जिवंत असलेला एक वारसा मात्र त्या यादीत कधी येत नाही, कारण तो दरवर्षी पेरला जातो आणि खाऊन संपतो. तो वारसा म्हणजे शाळू, अर्थात रब्बीची ज्वारी. हल्ली पिकांच्या काटकपणाबद्दल बोलताना अमुक जनुकामुळे पीक दुष्काळ सोसते, तमुक जनुकामुळे उष्णता सोसते, अशी भाषा रूढ झाली आहे. ती खोटी नाही. पण जनुके एका झाडात विशिष्ट जोडणीने का साठली, हे त्या भाषेतून कळत नाही. त्यासाठी त्या गावचा पाऊस, माती, गोठा आणि चूल यांचा इतिहास पाहावा लागतो. शाळूचा काटकपणा ही इतिहासाची कमाई आहे आणि तो इतिहास वजा केला की उरलेले जनुक फारसे कामाचे राहत नाही, हे इथे मांडायचे आहे. श्रीगोंदा तालुका त्यासाठी चांगला साक्षीदार आहे.

प्रथम दुष्काळ कोणता, ते स्पष्ट केले पाहिजे. 'दुष्काळ सोसणारे पीक' हा शब्दप्रयोग फार ढोबळ आहे. पश्चिमेला घोड आणि दक्षिणेला भीमा असूनही हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. जून-जुलैचा पाऊस कधी येतो, कधी नुसता भुरभुरतो. खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. म्हणून इथली मुख्य पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास होते. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून काळे रान तयार ठेवायचे, पाणी जिरवायचे आणि हस्ताच्या ओलीवर पाभर धरायची. त्यानंतर फेब्रुवारीत काढणी होईपर्यंत पाऊस पडलाच तर तो पाहुणा. चार महिने झाडाने जमिनीत मुरलेल्या ओलीच्या शिदोरीवर जगायचे असते आणि ही शिदोरी नेमकी दाणे भरायच्या वेळी संपत आलेली असते. सुरुवातीला ओल, शेवटी कोरड, मध्ये डिसेंबर-जानेवारीची थंडी, असा हा ठरावीक क्रमाचा ताण आहे. राजस्थानातल्या बाजरीला जो दुष्काळ भेटतो तो याहून वेगळा असतो, कारण तिथे पावसाच्या दोन सरींमधला खंड सोसावा लागतो. त्यामुळे 'दुष्काळ सोसणे' हा एकच गुण आहे असे मानले, की पहिल्याच पावलाला चूक होते.

हा ताण कालपरवाचा नाही. घोडेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या लोकांचे प्रमुख धान्य जव होते, म्हणजे तेही कमी पाण्यात निभावणारे, आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घालून चर खोदला होता. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे वस्तीची कळा उतरत गेली, घरे लहान झाली आणि काही शतकांत गाव उठले. त्यामागे हवामान कोरडे होत जाणे हे मोठे कारण असल्याचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचे मत होते. त्यावर वाद आहे. पण घोडेच्या खोऱ्यात शेती करणे म्हणजे ओलीचा हिशेब करणे, हे ज्वारी इथे स्थिरावण्याच्या आधीपासून खरे होते एवढे त्यातून निश्चित कळते. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. आपला शाळू हा तिच्या 'दुरा' नावाच्या वंशातला: घट्ट, भरगच्च कणीस आणि मोत्यासारखा टपोरा दाणा. या वंशाने दख्खनच्या काळ्या जमिनीत शेकडो पिढ्या काढल्या, आणि प्रत्येक पिढीला इथल्या ताणाने चाळून घेतले.

आता जनुकांकडे वळू. ज्वारीच्या दुष्काळ-सहनशीलतेबद्दल जगात सर्वाधिक अभ्यास झाला तो इथिओपियाच्या एका वाणापासून अमेरिकेत निघालेल्या 'बी-३५' या वाणाचा. दाणे भरताना ओल संपली तरी त्याची पाने हिरवी राहतात; म्हणून या गुणाला 'स्टे-ग्रीन' म्हणतात. त्याचे चार मुख्य जनुकीय प्रदेश ज्वारीच्या दहा गुणसूत्रांपैकी तिघांवर सापडले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की हे प्रदेश मुख्यतः फुटवे आणि पानांचा पसारा कमी करून काम करतात. झाड सुरुवातीला पाणी कमी उडवते, म्हणून शेवटी थोडे शिल्लक राहते. इथवर सगळे सरळ आहे. मजा पुढे आहे. आपल्या रब्बी पट्ट्यात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला वाण म्हणजे मालदांडी ३५-१. (३५ हा आकडा दोघांत यावा हा निव्वळ योगायोग.) या दोघांचा संकर करून जेव्हा स्टे-ग्रीन गुणाचा मागोवा घेतला गेला, तेव्हा हिरवा राहणारा पालक म्हणून बी-३५ घेतला गेला आणि पाने लवकर वाळवणारा पालक म्हणून मालदांडी. म्हणजे जगाने दुष्काळावरचा रामबाण म्हणून ज्या गुणाची कीर्ती गायली, तो दख्खनच्या सर्वांत भरवशाच्या वाणात तुलनेने कमीच आहे. तरीही मंगळवेढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा या पट्ट्यातला शेतकरी मालदांडी पेरत राहिला. तो अडाणी होता म्हणून असे झाले, असे म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही. याचा अर्थ मालदांडीचा काटकपणा दुसऱ्या रस्त्याने आलेला आहे: वेळेवर निसवणे, खोल मुळ्या, आणि उंच ताटात साठलेली साखर शेवटच्या टप्प्यात कणसाकडे वळवणे.

उंच ताट हा यातला कळीचा मुद्दा वाटतो. हरितक्रांतीच्या दृष्टीने उंच ताट म्हणजे वाया गेलेले अन्न; धान्य वाढवायचे तर झाड बुटके हवे. श्रीगोंद्यात मात्र ताटाला कधीच टाकाऊ मानले गेले नाही, कारण ताट म्हणजे कडबा. काष्टीच्या आठवडी जनावरांच्या बाजाराचे नाव आजही दूरवर आहे; जिथे बैल, गाई आणि म्हशींची एवढी उलाढाल होते तिथे कडब्याच्या पेंढीचा भाव धान्याच्या भावाइतकाच घरखर्च ठरवतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तर कडबा धान्याला मागे टाकतो, कारण माणसाला रेशन मिळते, बैलाला मिळत नाही. म्हणून शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या उंच, पानाळ, गोडसर ताटाच्या ज्वारीचीच कणसे बियाण्यासाठी बाजूला काढली. ही निवड गोठ्यासाठी होती. पण तिच्यासोबत एक गोष्ट आपोआप येत गेली असावी: ताटात मोठा साठा असलेले झाड शेवटच्या कोरडीत तोच साठा दाण्यात ओतू शकते. या सौद्याला किंमतही आहे. साठा काढून घेतलेले ताट आतून पोकळ आणि कमजोर होते, मग जमिनीतली बुरशी चढते आणि फुलोऱ्यानंतर ताण पडला की 'खडखड्या' रोगाने उभे पीक लोळते. शाळूत हा रोग का ठाण मांडून आहे, याचा एक धागा तिथे मिळतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: शेतकऱ्याने दुष्काळासाठी निवड केली असे कुठे लिहून ठेवले आहे? हे तर परंपरेचे नेहमीचे उदात्तीकरण झाले. आक्षेपाचा पहिला भाग मान्य आहे. दुष्काळ सोसण्याचा गुण पाहून कुणी कणीस निवडल्याचा पुरावा नाही, आणि असण्याची गरजही नाही. शेतकऱ्याने भाकरीसाठी निवडले: पीठ पांढरे हवे, भाकरी पापुद्र्याची हवी, दुसऱ्या दिवशीही मऊ हवी. त्याने कडब्यासाठी निवडले, हुरड्यासाठी निवडले. दगडी आणि गुळभेंडी ही वाणांची नावेच सांगतात की एकाच ज्वारीकडून किती वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या जात होत्या. दुष्काळाची निवड दुष्काळाने केली. हस्त कोरडा गेलेल्या वर्षी ज्या झाडांना दाणा धरला त्यांचेच बी पुढच्या वर्षी पाभरीत पडले. माणसाने चव आणि चारा पाहिला, रानाने तग पाहिला, आणि दोघांनाही पसंत पडलेले तेवढे उरले. यात उदात्त असे काहीच नाही. उलट यात बरीच उपासमार आहे.

ती उपासमारच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप बनून पुढे येते. बियाणे एवढे काटक होते तर १८७६-७७ मध्ये माणसे का मेली? याच तालुक्यात १८७५ मध्ये, सुप्याला १२ मे रोजी पेटलेल्या दंग्यांच्या पाठोपाठ, सावकारांच्या वह्या-दस्तऐवज जाळले गेले होते. कर्जाने शेतकरी आधीच वाकला होता. पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला. दौंड-मनमाड रेल्वेचे मातीकाम दुष्काळी कामावरच्या मजुरांनी केले आणि काष्टी, बेलवंडी, विसापूरवरून जाणारी ती गाडी १८७८ मध्ये सुरू झाली. पण १८७६ चे वैशिष्ट्य हे की सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ झालाच नाही. शाळूचा सगळा काटकपणा पेरणीनंतरचा आहे. पेरणीलाच ओल नसेल तर बी उगवणार कसे? जगातले कोणतेही जनुक कोरड्या ढेकळात कोंब फोडू शकत नाही. काटकपणाला मर्यादा असते आणि ती त्या काटकपणाच्या इतिहासानेच आखलेली असते: ज्या प्रकारचा ताण वारंवार आला आणि तरी काही झाडे जगली, तेवढ्याच ताणाला उत्तर तयार होते. ज्या ताणात सगळेच मरते त्यातून निवड होत नाही. पेवात धान्य उरले असते तर माणूस तगला असता. पेवे का रिकामी होती, हा सावकारीचा आणि सारावसुलीचा प्रश्न आहे, वनस्पतिशास्त्राचा नव्हे.

विसाव्या शतकात सरकारी शेतीखाते या पट्ट्याकडे वळले. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि रावबहादूर ना. वि. कानिटकरांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कमी बियाणे, ओळींत जास्त अंतर आणि वारंवार कोळपणी अशी पद्धत बसवली. आजच्या ज्ञानाच्या उजेडात ती पाहिली की एक साम्य डोळ्यांत भरते. स्टे-ग्रीनची जनुके फुटवे आणि पाने कमी करून जे साधतात, तेच कानिटकरांची विरळ पेरणी रानाच्या पातळीवर साधत होती: सुरुवातीला थोडक्यात भागवायचे आणि शेवटासाठी राखायचे. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून ३५-१ ही निवड झाली. तिथे नवे काही निर्माण केले गेले नाही. शेतकऱ्याच्या मालदांडीत थोडी उंच, थोडी ठेंगणी, थोडी लवकर आणि थोडी उशिरा येणारी झाडे एकत्र नांदत होती. त्यांतले एक उत्तम कूळ वेगळे काढून शुद्ध ठेवले गेले. संशोधकांचे श्रेय कमी करण्याचा यात हेतू नाही. गर्दीतून नेमका माणूस ओळखणे हेही कसब आहे. फक्त गर्दी कुणी जमवली हे विसरू नये.

याची खरी कसोटी संकरित ज्वारीने लावली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारी वाण आला आणि खरिपात त्याने उत्पादन कुठल्या कुठे नेले. बुटका, शंभर दिवसांत येणारा, खताला प्रतिसाद देणारा. सप्टेंबरच्या पावसात त्याचा दाणा काळा पडे, भाकरी बेचव लागे, कडबा तोकडा निघे. तरी पोत्यांची संख्या बोलत होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो खाल्लेल्या पिढीला हायब्रीडच्या चवीची तक्रार करायला वाव नव्हता. (गंमत अशी की संकरित बियाणे बनवायला लागणारी नर-वंध्यत्वाची सोय, १९५४ मध्ये टेक्सासमध्ये सापडलेली, मिलो ज्वारीच्याच पेशीद्रव्यातून आलेली आहे.) साहजिकच रब्बीसाठीही संकरित वाण काढले गेले: सीएसएच-८आर, १३आर, १५आर. संशोधन केंद्रावर त्यांनी मालदांडीला मागे टाकले. शेतकऱ्याच्या रानात ते रुजले नाहीत. खोडमाशीला ते लवकर बळी पडत, दाण्याला मालदांडीची झळाळी नव्हती, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा घसरला की संकरित झाडात पराग नीट तयार न झाल्याने कणसात दाणे कमी भरत. खरिपात उत्तम चाललेली जनुकीय व्यवस्था थंडीच्या एका ताणापुढे अडखळली. खरीप आणि रब्बी ही एकाच पिकाची दोन हंगामांतली रूपे नसून जवळजवळ दोन वेगळी पिके आहेत, हे त्यानंतर ज्वारीच्या संशोधकांनी मान्य केले. शाळू पेरणाऱ्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

एक प्रतिउदाहरण घोडेच्याच वरच्या अंगाला मिळते. नदी जिथून येते त्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. बटाट्याला कंद धरायला गार रात्री लागतात. उष्णता वाढली की कंद धरण्याचा संदेश देणारे जनुकच मंदावते आणि वेल नुसता माजतो. त्यावर उपाय म्हणून केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने २००६ मध्ये 'कुफरी सूर्या' हा उष्णता सोसणारा वाण दिला. पण पठारावरचा शेतकरी बियाण्याचा बटाटा पंजाबातून आणतो, कारण इथे राखलेल्या कंदात विषाणू साठत जातात. शिवाय कंद हा मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतो आणि बटाट्यात गुणसूत्रांचे चार-चार संच असल्याने नवा गुण बसवणे किचकट. परिणाम असा की बटाटा पठारावर कितीही वर्षे पिकला तरी पठार त्याच्या जनुकांत उतरत नाही. दरवर्षी बियाणे बाहेरून आले की इतिहासही दरवर्षी शून्यापासून सुरू होतो. ताण सोसण्याची क्षमता अशा पिकात प्रयोगशाळेतूनच यावी लागते, आणि तिथे तो मार्ग योग्यच आहे. शाळूची गोष्ट निराळी पडते ती बी घरचे होते म्हणून.

'होते' असे म्हणावे लागते, कारण तिसरा आक्षेप वर्तमानाचा आहे: कालव्याचे पाणी आल्यावर या सगळ्याचे प्रयोजन काय? ब्रिटिश काळातला विसापूरचा तलाव, नंतर घोड धरण, मग कुकडीचा डावा कालवा. त्यामागोमाग ऊस, साखर कारखाने आणि लिंबाच्या बागा. ज्याच्या शेतात पाणी पोचले त्याने शाळू सोडला, आणि आर्थिकदृष्ट्या त्याचे बरोबरच होते. रब्बी ज्वारीचे उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटलच्या आतबाहेर रेंगाळते. त्यावर कुणाची पोरे शिकत नाहीत. एकेकाळी देशात पावणेदोन कोटी हेक्टरांहून अधिक असलेले ज्वारीचे क्षेत्र आता चाळीस लाखांच्या आसपास आले आहे. तरी कालवा हा पावसाचाच पुढचा अध्याय आहे, पावसाला पर्याय नाही. टेलच्या गावाला आवर्तन कधी मिळेल यावरून दर उन्हाळ्यात तंटे होतात, आणि २०१२-१३ मध्ये नगर जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या तेव्हा उसाचे वाढे जनावरांपुढे टाकून भागवावे लागले. कडबा नव्हता, कारण शाळू पेरलाच नव्हता. दुष्काळ सोसणारे पीक जाऊन दुष्काळ ओढवून घेणारे पीक आले, असे काहीजण म्हणतात. ते जरा जास्त होते, पण पिकाची जोखीम धरणाकडे सोपवली गेली हे नाकारता येत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गेल्या पंचवीस-एक वर्षांत केलेले काम माझ्या मुद्द्याला सर्वांत जास्त दुजोरा देते. त्यांच्या शिफारशीत 'उत्तम वाण' असा एकच नसतो. हलक्या, फूटभर खोलीच्या रानाला फुले अनुराधा. मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी. भारी, खोल काळ्या रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. पाणी देता येत असेल तर फुले रेवती. जमिनीची खोली म्हणजे ओलीची मात्रा, आणि मात्रेप्रमाणे झाडाचा स्वभाव बदलायचा, हे जुन्या शेतकऱ्याच्या मिश्र बियाण्यात आपोआप घडत होते. आता ते कागदावर, नावानिशी आणि अधिक नेमके घडते. यात काही मिळाले आणि काही गेले. मिळाले ते उघड आहे. गेले ते असे: शुद्ध वाण स्वतःहून बदलत नाही. ऑक्टोबरचा पाऊस लांबू लागला, रात्री पूर्वीइतक्या गार राहिल्या नाहीत, तरी थैलीतले बी गेल्या वर्षीचेच असते. त्याला नवा ताण शिकवायचा तर पुन्हा त्या जुन्या, मिश्र गर्दीकडे जावे लागते, आणि ती गर्दी आता बव्हंशी हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या शीतगृहात बरण्यांत आहे. तिथे ती सुरक्षित आहे, पण तिथे हस्त कोरडा जात नाही.

रानात जी थोडी उरली ती अनपेक्षित कारणाने. गुळभेंडीसारखे वाण धान्य म्हणून केव्हाच मागे पडले. त्यांचा उतारा कमी. पण डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून गाड्या भरून येणाऱ्या मंडळींना हुरडा लागतो, आणि हुरड्याला गुळभेंडीच हवी. विद्यापीठानेही ही मागणी पाहून फुले उत्तरा आणि फुले मधुर हे खास हुरड्याचे वाण काढले आहेत. शाळूचे दोन-चार गुंठे त्यासाठी राखले जातात, आगटी पेटतात, चटणी-गुळासोबत पैसे वसूल होतात, आणि पुढच्या हस्ताला पेरण्यासाठी चांगली कणसे बाजूला काढून ठेवली जातात.